फिरत्या घराचा विमा : पॉलिसीतील काही शब्द व त्यांचे व्यवहारी अर्थ

स्मरणिकेसाठी सभासदांच्या उपयोगी पडेल असा काही मजकूर लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा गोदामातील कडधान्यास लागणाऱ्या किडीवर लिहावे असे आम्ही प्रथम योजिले होते. परंतु त्या विषयावर आपल्यातील प्रत्येकजण आम्हांस चार गोष्टी शिकवील. उलट, गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक कुटुंबांनी मोठ्या मोटारगाड्या घेतल्या असून काहींनी तर गाडीतच निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय करून घेतली आहे. इंग्रजीत जिला मोटरहोम अथवा कॅरव्हॅन म्हणतात, तिला आमच्या घरी मुले ‘घरगाडी’ म्हणतात. येथेही आम्ही तोच शब्द वापरीत आहो. अशा गाडीचा विमा उतरविताना कोणत्या शब्दाचा अर्थ काय, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; कायद्याचे पुस्तक आम्ही कधी उघडले नव्हते. पॉलिसीची पाने सूनबाईंनी वाचून दाखविली आणि तिच्यातील शब्दांस आम्ही बाजारातील शब्द लावून पाहिले. त्या उद्योगाचा हा वृत्तांत होय.

घरगाडीची हौस आम्हांस नव्हती, गरज होती. मातोश्रींचे वय त्या वेळी ब्याऐंशी. सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळून उकळलेले पाणी आणि घरच्या चुलीवरचेच अन्न हा त्यांचा जन्माचा नेम. कुल्पाकजी हैदराबादेहून वरंगळच्या रस्त्यावर सुमारे ऐंशी किलोमीटर; तेथे सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. पण कुंथलगिरी, कुंभोज वा श्रवणबेळगोळ म्हटले म्हणजे दोन-तीन मुक्काम आले, आणि हॉटेलाच्या पाण्याचा थेंबही त्यांच्या तोंडात जावयाचा नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळ येथे बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक व्हावयाचा होता. त्या निमित्ताने आम्ही त्या वर्षाच्या जानेवारीत चौदा लक्ष रुपयांस एक उंच छपराची व्हॅन घेतली आणि शहरातीलच एका कारखान्यात आणखी सहा लक्ष खर्चून तिच्यात दोन शय्या, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी, छोटे न्हाणीघर आणि छपरावर सूर्यशक्तीचे पत्रे बसवून घेतले. मातोश्रींनी अभिषेक डोळे भरून पाहिला. विम्याचा कागद एजंटाने आणून दिला, आम्ही त्यावरील रक्कम वाचली, आणि तो पेढीच्या कपाटात पडला.

दोन वर्षांनी, २०२० साली, महामारीमुळे मार्चपासून गाडी जागची हलली नाही. पुढील वर्षी केवळ कायद्यापुरता विमा ठेवून हप्त्याचे पैसे वाचवावेत, असा विचार घरात चालू होता. चाक फिरत नाही, मग हप्ता कशाला, हा हिशेब व्यापाऱ्यास सहज पटतो. तशात १३ ऑक्टोबरची रात्र आली. घटकेसरच्या बाजूस एका दिवसात तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले, तलावांचे बांध फुटले आणि मुसीने काठच्या वस्त्यांत पाणी घातले. ज्या नदीने १९०८ च्या सप्टेंबरात सारे शहर धुऊन नेले आणि जिच्यासाठी पुढे उस्मानसागर व हिमायतसागर बांधले गेले, तिची आठवण आमच्या पिढीस केवळ ऐकीव होती. आमची घरगाडी मलकपेठेत गोदामाबाहेर सखल जागी उभी होती. सकाळी पाहिले तो पाणी आसनांच्या वर. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर ड्रायव्हरने भाबडेपणाने किल्ली फिरविली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी इंजिनातून असा आवाज आला की त्याने स्वतःच हात आखडता घेतला.

आता शब्दांकडे वळू.

मोटारीच्या विम्याचे मूळचे भाग दोन. पहिल्यास ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. विमा घेणारा पहिला, कंपनी दुसरी, आणि आपल्या गाडीमुळे ज्यास इजा पोहोचली तो रस्त्यावरचा अपरिचित मनुष्य तिसरा. त्या तिसऱ्याचे देणे भागविणारा हा विमा कायद्याने सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार कायद्यातील ही सक्ती १९४६ पासून अमलात आली, आणि चालू असलेल्या १९८८ च्या कायद्याच्या १४६ व्या कलमात ती कायम आहे. विम्याविना गाडी रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. मनुष्याच्या मृत्यूची वा इजेची भरपाई न्यायाधिकरण ठरवील तेवढी कंपनी देते. परक्याच्या मालमत्तेच्या नुकसानीस मात्र पॉलिसीत साधारणतः साडेसात लक्षांची मर्यादा असते. या भागाचा हप्ता सरकार ठरविते. म्हणून त्यात घासाघीस संभवत नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. यास ‘ओन डॅमेज’ म्हणतात. दोन्ही मिळून जी पॉलिसी होते तिला ‘पॅकेज’ वा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ असे नाव आहे. हा दुसरा भाग ऐच्छिक आहे. आग, स्फोट, वीज, चोरी, दंगा, भूकंप, पूर, वादळ, गारा, दरड, बाहेरून झालेला अपघात, आणि गाडी रेल्वेने वा नावेने नेताना होणारे नुकसान, इतक्या गोष्टी त्यात नावाने लिहिलेल्या असतात. पूर हा शब्द तेथे आहे, हे आम्ही त्या सकाळी चष्मा लावून तीनदा वाचले. हा भाग आम्ही काढून टाकला असता तर एक पैसाही मिळाला नसता. नूतनीकरणास अजून तीन महिने होते म्हणूनच तो शिल्लक होता.

येथे कुटुंबवत्सल वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत आपल्या खाजगी गाडीत बसलेले आपलेच नातलग वा स्नेही यांच्या इजेची जबाबदारी येत नाही. पॅकेज पॉलिसीत ती येते. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालच्या निकालात स्पष्ट केला आहे. गाडीत सहा माणसे घालून यात्रेस निघणाऱ्याने हप्त्यातील बचत या बाजूनेही मोजावी. पगारी ड्रायव्हर असल्यास त्याच्याविषयीच्या जबाबदारीचे कलम अल्पशा हप्त्यात जोडून मिळते; ते जोडावे.

तिसरा शब्द ‘आय.डी.व्ही.’. गाडी चोरीस गेली वा संपूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तो हा आकडा. त्यात आपण दिलेली किंमत नसते, आणि बाजारात आज मिळेल ती किंमतही नसते. कारखानदाराच्या यादीतील त्या नमुन्याची विक्रीकिंमत घेऊन तीतून वयानुसार घसारा वजा करितात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. त्यापुढे उभयपक्षी ठरेल ती रक्कम. नव्या तुरीत ओलाव्यापोटी जी घट धरतात तिला निदान काही सुमार असतो. मोटारीची घट ऐकून आम्ही थक्क झालो. आमच्या चौदा लक्षांच्या गाडीस तिसरे वर्ष चालू होते, म्हणून आय.डी.व्ही. ९ लक्ष ८० हजार. दुरुस्तीचा खर्च या आकड्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, म्हणजे आमच्या बाबतीत ७ लक्ष ३५ हजारांच्या पुढे गेला, तरच गाडी ‘टोटल लॉस’ धरून पूर्ण रक्कम देतात. काही एजंट हप्ता कमी दिसावा म्हणून हा आकडा मुद्दाम खाली उतरवितात. दहा हजार गोणी माल ठेवून सहा हजारांचाच विमा उतरविणाऱ्या आडत्यास आपण काय म्हणू?

विलायतेत घरगाड्यांचा प्रघात जुना आहे. तेथे गाडी व आतील सामान मिळून आधीच ठरविलेल्या किमतीवर विमा मिळू शकतो. आपल्याकडील जुन्या दरपत्रकात अशी ‘ठरीव किंमत’ केवळ १९४० सालापूर्वीच्या ऐतिहासिक मोटारींस दिलेली होती. म्हणजे नबाबांच्या काळातील मोटार ज्याच्या दारी असेल त्याची सोय आहे, आमची नाही! असो.

आता आमच्या मुख्य चुकीकडे येतो. चौदा लक्षांवरचे ते सहा लक्ष कोठे गेले? कारखानदाराच्या यादीत जी वस्तू नाही, ती आय.डी.व्ही.त नाही. फ्रीज, पंप, बॅटऱ्या, सूर्यशक्तीचे पत्रे, दिवे ही सारी ‘विजेची जोडसाधने’ होत. शय्या, कपाटे, टाकी ही ‘बिनविजेची’. दोन्ही प्रकारांची किंमत प्रस्तावात निराळ्या रकान्यात लिहून द्यावी लागते व तिच्यावर निराळा हप्ता भरावा लागतो. जुन्या दरपत्रकात विजेच्या जोडसाधनांस त्यांच्या किमतीच्या चार टक्के दर होता. ‘ॲक्सेसरीज’ या रकान्यात आमच्या एजंटाने शून्य लिहिले होते, आणि खाली सही आमची होती. म्हणून दोष आम्ही एजंटास देत नाही. चारशे रुपयांच्या बारदानाची चिठ्ठी आम्ही दोनदा वाचतो, आणि वीस लक्षांच्या गाडीचा प्रस्ताव न वाचता सही केला. कंपनीने त्या सहा लक्षांपोटी काहीही दिले नाही. तिच्या दृष्टीने ते सामान अस्तित्वातच नव्हते.

याहून गंभीर गोष्ट नोंदणीची. आर.सी. पुस्तकात गाडी नऊ आसनांची लिहिलेली आणि आत पाहावे तर चार आसने व दोन शय्या. सर्वेक्षकाने हा अमेळ आपल्या अहवालात नोंदविला. गाडीच्या रचनेत असा फेरफार करावयाचा तर मोटार कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते व तो फेरफार आर.सी.वर चढवावा लागतो. कारखानदाराने ठरविलेल्या मूळ रचनेस बाध आणणारे बदल करू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत बजावले आहे. घरगाड्यांसाठी तर ए.आय.एस. १२४ हे निराळे मानक आहे, आणि त्यानुसार संमत झालेल्या बांधणीच्याच गाड्या घ्याव्यात हे उत्तम. २०२१ मध्ये महाराष्ट्र व केरळ या दोन्ही राज्यांनी कॅरव्हॅन पर्यटनाची धोरणे काढली, तेव्हापासून हा व्यवसाय बराच रुळावर आला आहे. आम्ही घेतली तेव्हा आम्हांस हे सांगणारा कोणी भेटला नाही, आणि आम्हीही कोणास विचारले नाही. या अमेळावर बोट ठेवून कंपनी सारा दावा फेटाळू शकली असती. तिने तसे केले नाही, हे तिच्या बाजूने नमूद करणे न्याय्य आहे.

खाजगी वापराच्या घरगाडीची नोंद बिगर-परिवहन वाहनांत होते; तिची पाटी पांढरी. भाड्याने द्यावयाची असेल तर ती परिवहन वर्गात घालावी लागते. तिची पाटी पिवळी. विम्याचा वर्ग नोंदणीच्या वर्गामागून चालतो. खाजगी गाडीच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ म्हणून चार ओळी असतात: भाडे वा मोबदला घेऊन वापर नाही, शर्यत नाही, मोटारींच्या धंद्यासाठी वापर नाही, आणि मालाची वाहतूक नाही, फक्त नमुने व स्वतःचे सामान चालेल. ‘नमुने’ हा शब्द वाचून आम्हांस हसू आले. ज्याने हे कलम लिहिले त्यास उस्मानगंजच्या व्यापाऱ्याची माहिती असावी! ज्वारीच्या नमुन्याच्या पुड्या गाडीत ठेवा. कट्टे मात्र ठेवू नका. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी स्वतःची पांढऱ्या पाटीची गाडी एका लग्नघरास ‘फक्त डिझेल व थोडे वर’ घेऊन दिली, वाटेत अपघात झाला आणि दावा अडला. अशा प्रकरणी, भाड्याने दिली एवढ्यावरून सारा दावा न बुडविता काही अंश तरी द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले आहे. परंतु न्यायालयापर्यंत जाऊन अंश मिळविणे हा काही व्यवहार नव्हे.

पाण्याने बिघडलेल्या इंजिनाची कथा अजून राहिली. पूर हा शब्द पॉलिसीत असता इंजिनाचे पैसे का नाकारले, हे आम्हांस कित्येक आठवडे उमगले नाही. मग एका जुन्या मिस्त्रीने समजाविले. इंजिनाच्या नळीत हवा असेल तर पिस्टन ती दाबतो. पाणी दाबले जात नाही. गाडी पाण्यात नुसती उभी असता इंजिनात पाणी शिरले तरी ते उघडून, पुसून, तेल बदलून बहुधा वाचते. किल्ली फिरविताच पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि त्याचा दांडा वाकतो. कंपनीचे म्हणणे असे, की पुराने गाडी भिजली हे नुकसान आमचे. किल्ली फिरविल्याने दांडा वाकला हे त्यातून उद्भवलेले दुसरे नुकसान. यास ‘कॉन्सिक्वेन्शियल लॉस’ म्हणतात व ते मूळ पॉलिसीतून वगळलेले असते. पोते भिजले हा पुराचा दोष. भिजलेले पोते न उघडता आठ दिवस थप्पीत ठेवल्याने आतील धान्य कुजले, हा ज्याने ठेवले त्याचा. उपमा आम्हीच काढली, आणि काढल्यावर आमचा राग निम्मा उतरला.

या वगळलेल्या नुकसानीसाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे ॲड-ऑन कव्हर जादा हप्त्यावर मिळते. मुसीकाठी गाडी उभी करणाऱ्याने ते घ्यावे, असे आमचे ठाम मत आहे. मात्र त्यातही पाण्यात गाडी चालू करण्याविषयी कंपनीकंपनीच्या अटी भिन्न असतात, त्या वाचाव्यात. आणि कव्हर असो वा नसो, भिजलेल्या गाडीची किल्ली कोणीही फिरवू नये. बॅटरीची तार सोडावी, छायाचित्रे घ्यावीत, कंपनीस कळवावे आणि गाडी ओढून न्यावी. ओढून नेण्यासाठी खाजगी मोटारीच्या पॉलिसीत केवळ दीड हजार रुपये धरलेले असतात. घरगाडीसारखे धूड हमरस्त्यावरून ओढावयाचे तर तेवढ्यात क्रेनवाला फोनसुद्धा उचलीत नाही. ही मर्यादा वाढवून घेता येते.

दुसरे उपयोगी ॲड-ऑन ‘झीरो डेप्रिसिएशन’. दुरुस्तीच्या बिलातूनही घसारा कापतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरवर ३०, काचेवर काही नाही, आणि धातूच्या भागांवर वयानुसार: दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्यास १५, चौथ्यास २५, पाचव्यास ३५, पुढे दहा वर्षांपर्यंत ४० टक्के. घरगाडीच्या अंगात फायबर व प्लॅस्टिकच अधिक, म्हणून तिला ही कात्री जास्त लागते. हे कव्हर घेतल्यास ही वजावट बहुतांशी होत नाही. पण जुन्या गाडीस ते सहसा मिळत नाही आणि वर्षातून किती दाव्यांस लागू होईल त्यास मर्यादा असते. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ घेतले असता गाडी चोरीस गेल्यास वा पूर्ण निकामी झाल्यास घसारलेल्या किमतीऐवजी खरेदीच्या बिलाची किंमत मिळते. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याचा विचार करावा. बाकीची ॲड-ऑन, म्हणजे तेल-नटबोल्टाचे, किल्ली हरविल्याचे, टायरचे, ही ज्याच्या त्याच्या आवडीची. आम्ही ती घेत नाही.

प्रत्येक दाव्यातून एक ठरावीक रक्कम आपणच सोसावयाची असते, १५०० सी.सी.पर्यंतच्या खाजगी मोटारीस एक हजार, त्यावरीलास दोन हजार. हा विम्याचा ‘कडता’ होय, आणि तो देऊन मोकळे व्हावे. हप्ता कमी व्हावा म्हणून याहून अधिक कडता स्वखुशीने पत्करता येतो; लहानसहान ओरखड्यांचे दावे न करणाऱ्यास ते परवडते. कारण दावा न केल्यास ‘नो क्लेम बोनस’ मिळतो: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि अखेर ५०. ही सूट माणसाची असते, गाडीची नव्हे. गाडी विकली तरी दाखला घेऊन नव्या गाडीस लावता येते. परंतु पॉलिसी संपून नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यास ती सारी बुडते. तीन हजारांच्या दुरुस्तीसाठी दहा हजारांची सूट घालविणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत.

आपल्या वर्गास विशेष लागू अशी एक गोष्ट. प्राप्तिकरात घसारा मिळावा म्हणून पुष्कळ सभासद गाडी पेढीच्या वा कंपनीच्या नावे घेतात. मालक स्वतः गाडी चालविताना मरण पावला वा कायमचा अपंग झाला तर पंधरा लक्ष रुपये देणारे वैयक्तिक अपघाताचे कव्हर २०१८ पासून खाजगी मालकास लागू आहे. पण ते हाडामांसाच्या मालकास, तोही परवानाधारक असल्यास. भागीदारी पेढीस वा कंपनीस परवाना नसतो, म्हणून तिच्या गाडीवर हे कव्हर देत नाहीत. करात वाचलेले पैसे मोजताना एवढे मागे ठेवावे आणि भागीदारांचा निराळा अपघात विमा उतरवावा.

परवान्याविषयी पूर्वी मोठा घोळ होता. हलक्या मोटारीचा परवाना असलेला मनुष्य ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे परिवहन वाहनही चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२४ च्या नोव्हेंबरात ठरविल्याने तो मिटला आहे. घरगाडीचे वजन आर.सी.वर पाहून ठेवावे. टाकीतील पाणीही वजनच असते, हे सामान भरणाऱ्या मंडळींस सांगावे.

गाडीत ठेवलेली भांडी, अंथरुणे, कपडे, दागिने यांचा मोटारीच्या पॉलिसीशी संबंध नाही. त्यासाठी वैयक्तिक सामानाचे ॲड-ऑन वा निराळा विमा घ्यावा लागतो, आणि रोकड व दागिने बहुधा त्यातूनही वगळलेले असतात. शेगडी व गॅसची टाकी गाडीत असेल तर ते प्रस्तावात लिहावे. आग हे पॉलिसीत नाव घेतलेले संकट खरे, पण न सांगितलेल्या टाकीमुळे लागलेल्या आगीचा वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

वर्षातून दहा महिने उभ्या असणाऱ्या गाडीस पूर्ण हप्ता भरणे जिवावर येते, हे आम्ही जाणतो. २०२२ च्या जुलैपासून विमा नियामकाने किलोमीटरच्या प्रमाणात हप्ता घेणारी, तसेच एकाच मालकाच्या अनेक गाड्यांस मिळून एक अशी पॉलिसी देण्यास कंपन्यांस मुभा दिली आहे. उभ्या गाडीचा मार्ग हा; ‘ओन डॅमेज’ काढून टाकणे हा नव्हे. पाणी उभ्या गाडीसच गाठते.

आमच्या दाव्याचा निकाल असा. इंजिनास तीन लक्ष दहा हजार लागले, ते सारे आमच्या खिशातून. तारा, आसने, सफाई यांच्या एक लक्ष चाळीस हजारांतून घसारा व कडता वजा जाऊन ब्याण्णव हजार मिळाले. आतील सामान गेले ते गेलेच. नकाराचे पत्र हाती पडल्यावर आम्ही रागाने ते कपाटात फेकले. तेही चुकले. कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना वाट पाहावयाची, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करावयाचा, अशी सोय आहे. लोकपालाचे कार्यालय हैदराबादेत आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही. देशातील साऱ्या विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारे प्राधिकरणसुद्धा आपल्याच शहरात, नानकरामगुड्यास आहे, आणि त्याची ‘बीमा भरोसा’ ही तक्रारव्यवस्था सर्वांस खुली आहे. इंजिनाचा मुद्दा कदाचित टिकला नसता. घसाऱ्याच्या हिशेबात मात्र काचेवरही वजावट केलेली होती, ती खात्रीने परत मिळाली असती. ती चूक चिरंजीवांच्या ध्यानात आली तेव्हा नकारपत्रास चौदा महिने होऊन गेले होते.

पुढे २०२२ मध्ये आम्ही जुनी गाडी विकली आणि संमत बांधणीची दुसरी घेतली. प्रस्ताव आम्ही स्वतः भरला. एजंटाने फक्त पोहोचविला. जोडसाधनांची यादी बिलांसह जोडली, आर.सी.वर शय्या व आसने जशी आहेत तशी चढली आहेत, इंजिन व घसारा यांची दोन ॲड-ऑन घेतली आहेत. हप्ता पूर्वीपेक्षा सुमारे अकरा हजारांनी वाढला. गाडी आता गोदामाच्या आत, ओट्यावर उभी असते. मातोश्री त्या वर्षी तिच्यातून कुल्पाकजीस दोनदा जाऊन आल्या. भरलेल्या प्रस्तावाची व पॉलिसीची नक्कल आमच्या उस्मानगंजच्या पेढीवर ठेविली आहे. ज्या सभासदांस पाहावयाची असेल त्यांनी सौदे आटोपल्यावर, दुपारी तीननंतर यावे.